परतीची शिष्यवृत्ती

शिष्यवृत्ती हा शब्द आपल्या कानांना नेहमी मंगलच वाटत आला आहे. घरातील कुणी वडीलधारे निवर्तले की त्यांच्या स्मरणार्थ एखाद्या होतकरू विद्यार्थ्याच्या शिक्षणाची तजवीज करावी, ही रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. देणाऱ्याला समाधान लाभते, घेणाऱ्याला आधार मिळतो, आणि गेलेल्या माणसाचे नाव काही काळ तरी लोकांच्या ओठी राहते. अशा शब्दाच्या आड काही काळेबेरे दडलेले असू शकेल, ही शंका सहसा कुणाच्या मनाला शिवत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील इतिहास वाचताना मन दचकते. तेथे कित्येक राज्य सरकारे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी रोख साहाय्य देत होती, आणि त्यामागचा हेतू एकच होता : या मुलांनी आपल्या राज्यातील विद्यापीठाची पायरी चढू नये.

ही व्यवस्था कशी चालत असे, ते पाहण्यासारखे आहे. १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्लेसी खटल्यात असा निर्णय दिला होता की, गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी सोयी वेगळ्या असल्या तरी त्या समान असतील तर घटनेचा भंग होत नाही. 'वेगळे, पण समान' हे त्या तत्त्वाचे प्रसिद्ध सूत्र. त्यातील 'वेगळे' काटेकोरपणे पाळले गेले. 'समान' कागदावर राहिले. प्राथमिक शाळांबाबत निदान दोन इमारती तरी उभ्या करता येत होत्या. पण कायदा, वैद्यक, पदव्युत्तर शिक्षण यांसाठी प्रत्येक राज्याने काळ्यांसाठी स्वतंत्र महाविद्यालय काढायचे म्हणजे अफाट खर्च. तेव्हा राज्यकर्त्यांनी पळवाट शोधली. ज्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला असे शिक्षण हवे असेल, त्याने शेजारच्या किंवा उत्तरेकडील एखाद्या राज्यात जावे. तेथील शुल्काचा भार आम्ही उचलू. मिसुरी राज्याने असा कायदा १९२१ साली केला, आणि दक्षिणेतील इतर राज्येही पुढे त्याच वाटेने गेली. वरवर पाहता हे औदार्यच. प्रत्यक्षात ते हद्दपारीचे भाडे होते.

हे भाडे नाकारणारा एक तरुण मिसुरीतच निघाला. त्याचे नाव लॉइड गेन्स. जन्म १९११ चा, मिसिसिपी राज्यातला. लहानपणीच तो कुटुंबासमवेत सेंट लुईस शहरात आला. शाळेत पहिला आला, पुढे काळ्यांसाठी असलेल्या लिंकन विद्यापीठातून १९३५ साली पदवी घेतली, आणि कायदा शिकण्यासाठी मिसुरी विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात अर्ज केला. गुणवत्तेबद्दल कुणाचाच आक्षेप नव्हता. आक्षेप वर्णाचा होता. नियमाप्रमाणे त्याला सांगण्यात आले की, कॅन्सस, नेब्रास्का, आयोवा किंवा इलिनॉय येथील विद्यापीठात जा, शुल्काचे आम्ही पाहू. गेन्सने नकार दिला. ज्या राज्यात वकिली करायची, तेथील कायदा तेथेच शिकायचा, एवढीच त्याची मागणी होती.

त्याच्या पाठीशी चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे विलक्षण बुद्धीचे वकील उभे राहिले. हार्वर्डमध्ये शिकलेले ह्यूस्टन वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठातील विधी महाविद्यालयाचे प्रमुख होते, आणि एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या राष्ट्रीय संघटनेच्या न्यायालयीन लढ्याचे सूत्रधारही. त्यांचा डावपेच असा की, वर्णभेदाच्या तटबंदीवर पहिला घाव विधी महाविद्यालयांच्या दारावर घालायचा. कारण 'वेगळे, पण समान' ही सबब तेथे सर्वांत तोकडी पडत होती, आणि न्यायाधीशांना विधी महाविद्यालय म्हणजे काय असते, हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नव्हती. १२ डिसेंबर १९३८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी गेन्सच्या बाजूने कौल दिला. सरन्यायाधीश ह्यूज यांच्या निकालपत्राचा गाभा असा : नागरिकाला समान वागणूक देण्याची जबाबदारी राज्याने आपल्या हद्दीत पार पाडली पाहिजे, ती शुल्क भरून दुसऱ्या राज्याच्या गळ्यात बांधता येणार नाही. आणि मागणी करणारा एकटाच असला, तरी त्याचा हक्क त्यामुळे लहान ठरत नाही.

राज्याने मग आणखी एक युक्ती योजली. गेन्सला विद्यापीठात घेण्याऐवजी सेंट लुईस येथे काळ्यांसाठी स्वतंत्र विधी महाविद्यालय घाईघाईने उभे करण्यात आले. खटला पुन्हा खालच्या न्यायालयात गेला. आणि याच सुमारास, १९ मार्च १९३९ च्या संध्याकाळी, शिकागोतील आपल्या मुक्कामावरून गेन्स टपाल तिकिटे आणण्यासाठी म्हणून बाहेर पडला. तो परत आला नाही. त्याचे काय झाले, हे आजतागायत उलगडलेले नाही. वादीच नाही म्हटल्यावर खटलाही संपला, आणि मिसुरी विद्यापीठाची दारे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी उघडायला १९५० साल उजाडले.

ह्यूस्टन यांच्या हाताखाली तयार झालेले थर्गुड मार्शल यांची कहाणीही याच मुशीतली. त्यांचे गाव बाल्टिमोर. तेथे मेरीलँड विद्यापीठाचे विधी महाविद्यालय घराजवळच होते, पण ते काळ्यांना बंद. मार्शल रोज आगगाडीने वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठात जात. त्यांच्या शुल्कासाठी आईने लग्नाची आणि वाङ्‌निश्चयाची अंगठी गहाण टाकली, असे सांगितले जाते. शिकून बाहेर पडल्यावर मार्शल यांनी ह्यूस्टन यांच्यासमवेत पहिल्या काही वर्षांत केलेले मोठे काम म्हणजे डोनाल्ड मरे या तरुणाला त्याच मेरीलँडच्या महाविद्यालयात प्रवेश मिळवून देणे. तेथील उच्चतम न्यायालयाचा निकाल १९३६ चा. १९४० साली मार्शल यांनी 'लीगल डिफेन्स फंड' ही कायदेशीर लढ्यासाठीची स्वतंत्र संस्था स्थापन केली. या संस्थेत १९४५ साली एक तरुणी उमेदवारी करण्यासाठी आली. तिची हकीकत थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण शिष्यवृत्तीचा दुसरा, उजळ अर्थ तिच्या आयुष्यात दिसतो.

कॉन्स्टन्स बेकर हे तिचे माहेरचे नाव. जन्म १४ सप्टेंबर १९२१, कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन गावी. आईवडील कॅरिबियन समुद्रातील नेव्हिस या चिमुकल्या बेटावरून आलेले. बारा भावंडांतील ती नववी. वडील येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या मंडळांकडे स्वयंपाकी होते. ज्या विद्यापीठाच्या मुलांना वडील जेवू घालत, तेथे आपल्या मुलीने शिकावे हे त्यांच्या स्वप्नातही येण्यासारखे नव्हते. मुलगी हुशार, शाळेतच वकील होण्याचे तिने मनाशी ठरवले होते. ज्या काळात गोरी स्त्रीसुद्धा वकिलीत क्वचित दिसे, त्या काळातील ही गोष्ट. शाळा उत्तम गुणांनी संपली, पण पुढे पैशांअभावी सारे थांबले. काही काळ घरकाम, मग तरुणांसाठीच्या सरकारी योजनेतील किरकोळ नोकरी, असे दिवस चालले होते.

न्यू हेवनमध्ये डिक्सवेल कम्युनिटी हाउस नावाचे एक समाजकेंद्र होते. कृष्णवर्णीय वस्तीसाठी ते मोठ्या खर्चाने उभारले होते, पण वस्तीतील लोक तेथे फारसे फिरकत नसत. असे का होते, याचा विचार करण्यासाठी एकदा सभा बोलावली गेली. देणगीदार समोर बसलेले. या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने उठून स्पष्ट सांगितले की, केंद्राच्या कारभारात आमच्यातील कुणाला काही अधिकारच नाही. सगळे निर्णय बाहेरचे गोरे लोक घेतात, मग लोकांना ते आपले वाटावे तरी कसे?

आपल्या संस्थांच्या वार्षिक सभांत एखाद्या मुलीने असे बोलावे, आणि त्यावर काय घडावे, याची कल्पना वाचकांनी आपापल्या अनुभवावरून करावी. तेथे जे घडले ते असे. इमारतीला मोठी देणगी देणारे बांधकाम व्यावसायिक क्लॅरन्स ब्लेकस्ली सभेला उपस्थित होते. रागावण्याऐवजी त्यांनी त्या मुलीची चौकशी केली. तिला बोलावून विचारले की, तू महाविद्यालयात का नाहीस? पैसे नाहीत, असे तिने सांगितले. काय शिकायचे आहे, या प्रश्नावर तिने कायदा म्हटले. स्त्रियांनी कायदा शिकण्याबद्दल आपल्याला विशेष माहिती नाही, हे त्या गृहस्थांनी मोकळेपणाने कबूल केले, आणि तरीही तुझ्या शिक्षणाचा सर्व खर्च मी करीन, असा शब्द दिला. तो त्यांनी शेवटपर्यंत पाळला. पदवीचा आणि त्यानंतर विधी महाविद्यालयाचाही खर्च त्यांनी उचलला. कोणती अट घातली नाही, अमुक काम कर असे सांगितले नाही. टेनेसी राज्यातील फिस्क विद्यापीठात, नंतर न्यूयॉर्क विद्यापीठात शिकून १९४३ साली ती पदवीधर झाली, आणि न्यूयॉर्कच्याच कोलंबिया विद्यापीठातून १९४६ साली तिने कायद्याची पदवी घेतली. त्याच वर्षी विवाह होऊन ती कॉन्स्टन्स बेकर मॉटली झाली.

ब्लेकस्ली यांच्या या वागण्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट पैसा नव्हे. श्रीमंत माणसाने पैसा देणे ही काही अपूर्वाई नाही. ज्या मुलीने आपल्या दानातील उणीव चारचौघांत दाखवली, तिच्यातच त्यांना गुण दिसला, ही अपूर्वाई. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत नम्र, मान खाली घालून बोलणारा उमेदवार निवड समितीला सहसा अधिक आवडतो, ही आपल्याकडचीही वस्तुस्थिती आहे. ब्लेकस्ली तसे वागते, तर अमेरिकेच्या दक्षिणेतील काही विद्यापीठांची दारे उघडायला कदाचित आणखी काही वर्षे गेली असती.

ही अतिशयोक्ती नव्हे. मॉटली यांनी लीगल डिफेन्स फंडमध्ये वीस वर्षे काम केले. १९५४ साली ज्या ब्राउन खटल्याने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, त्याच्या मूळ दाव्याचा मसुदा तयार करण्यात त्यांचा हात होता. त्यानंतर एकेका विद्यापीठाचा प्रश्न घेऊन त्या दक्षिणेतील न्यायालयांत उभ्या राहिल्या. जॉर्जिया विद्यापीठात हॅमिल्टन होम्स आणि शार्लेन हंटर या दोघांना प्रवेश द्यावा, असा आदेश त्यांनी ६ जानेवारी १९६१ रोजी मिळवला. तोवर हंटर डेट्रॉइटला शिकत होत्या. त्या पुढे नामवंत पत्रकार झाल्या, होम्स नामवंत शल्यचिकित्सक. दक्षिण कॅरोलायनातील हार्वी गँट या तरुणाची स्थिती तर गेन्सच्या कथेचीच पुनरावृत्ती होती. वास्तुशास्त्र शिकण्यासाठी तो आयोवा राज्यात गेला होता, आणि शुल्काला हातभार त्याचे स्वतःचेच राज्य लावत होते, अर्थात तो तिकडेच राहील या भरवशावर. आयोवातील हिवाळा आणि घरापासूनचे अंतर यांना कंटाळून त्याने घराजवळच्या क्लेमसन महाविद्यालयात अर्ज केला. मॉटली आणि त्यांचे सहकारी यांनी तो खटला जिंकला, आणि जानेवारी १९६३ मध्ये गँट क्लेमसनमध्ये दाखल झाला. वीस वर्षांनी तो शार्लट शहराचा पहिला कृष्णवर्णीय महापौर झाला.

सर्वांत कठीण लढाई मिसिसिपीची. जेम्स मेरेडिथ या हवाई दलातून परतलेल्या तरुणाने जानेवारी १९६१ मध्ये मिसिसिपी विद्यापीठात अर्ज केला. प्रत्यक्ष प्रवेश मिळाला १ ऑक्टोबर १९६२ रोजी. मधल्या काळात मॉटली यांना न्यूयॉर्कहून जॅक्सन शहरात खेपांवर खेपा घालाव्या लागल्या. न्यायालयात विरुद्ध बाजूचे वकील त्यांना 'श्रीमती' म्हणायला तयार नसत, स्थानिक वृत्तपत्रे त्यांचा उल्लेख 'ती मॉटली बाई' अशा धर्तीवर करीत. गावात चांगल्या हॉटेलात खोली मिळण्याचा प्रश्नच नव्हता. एनएएसीपीचे तेथील कार्यकर्ते मेडगर एव्हर्स त्यांना मोटारीने ने-आण करीत, आणि मागे कुणी गाडी लावली आहे का याकडे त्यांचे लक्ष असे. मेरेडिथच्या प्रवेशाच्या आदल्या रात्री विद्यापीठाच्या आवारात दंगल उसळली, दोन माणसे मेली, राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना सैन्य पाठवावे लागले. पुढच्या जूनमध्ये एव्हर्स यांची त्यांच्या घरासमोर गोळी घालून हत्या झाली. मेरेडिथ त्याच वर्षी पदवीधर झाला.

१९६३ च्या मे महिन्यात अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात मार्टिन लूथर किंग यांच्या आंदोलनात शाळकरी मुले उतरली, तेव्हा शिक्षण मंडळाने हजाराहून अधिक मुलांना शाळेतून काढले. वर्ष संपत आलेले, परीक्षा तोंडावर. स्थानिक संघराज्य न्यायाधीशाने मंडळाचा आदेश उचलून धरला. त्याच दिवशी मॉटली अटलांटाला अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एल्बर्ट टटल यांच्यापुढे गेल्या, आणि मुलांना परत घेण्याचा आदेश घेऊनच बाहेर पडल्या. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी एकूण दहा खटले लढवले, नऊ जिंकले. दहावा पंचांच्या निवडीतील वर्णभेदाचा होता. त्यातील मुख्य मुद्दाही न्यायालयाने १९८६ साली आपली आधीची भूमिका बदलून मान्य केला. १९६६ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना संघराज्य न्यायाधीश नेमले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. २८ सप्टेंबर २००५ रोजी, ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

इतिहासाला विनोदाचेही अंग असते. बाहेर पाठवणाऱ्या शिष्यवृत्तीचा एक परिणाम राज्यकर्त्यांच्या कल्पनेतही नसावा. अलाबामातील कोरेटा स्कॉट ही तरुणी बोस्टनला संगीत शिकत होती. तिला हवे ते शिक्षण अलाबामातील गोऱ्यांच्या संस्था देणार नव्हत्या, म्हणून राज्याने नियमानुसार तिला बाहेरच्या शिक्षणासाठी साहाय्य दिले. बोस्टनमध्ये १९५२ साली तिची गाठ मार्टिन लूथर किंग नावाच्या एका विद्यार्थ्याशी पडली. लग्नानंतर १९५४ साली दोघे परत आली, ती थेट अलाबामाच्या राजधानीत, माँटगोमेरीला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात तेथील बसगाड्यांवरचा बहिष्कार सुरू झाला. अलाबामाने खर्चलेले ते पैसे असे सव्याज परत आले.

आता या साऱ्यांच्या नावे आज ज्या शिष्यवृत्त्या चालतात त्यांच्याकडे वळू. १९६४ साली लीगल डिफेन्स फंडने न्यूयॉर्कचे माजी राज्यपाल हर्बर्ट लेहमन यांच्या नावे एक शिक्षणनिधी सुरू केला. लेहमन आदल्याच डिसेंबरात वारले होते. न्यायालयाच्या आदेशाने दार उघडले, तरी आत जाणाऱ्या मुलाकडे शुल्क हवे, पुस्तके हवीत, राहण्याची सोय हवी. आणि ज्या आवारात त्याचे स्वागत होणार नाही हे ठाऊक आहे, तेथे जाण्याचे धैर्यही. म्हणून हा निधी दक्षिणेतील पूर्वी केवळ गोऱ्यांच्या असलेल्या विद्यापीठांत प्रवेश घेणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी होता. मिसुरीच्या १९२१ च्या कायद्याच्या नेमके उलट टोक. तेथे बाहेर जाण्यासाठी पैसे, येथे आत जाण्यासाठी.

मिसुरी विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयानेही १९९५ साली लॉइड गेन्सच्या नावे शिष्यवृत्ती सुरू केली. २००६ साली विद्यापीठाने त्याला मरणोत्तर, किंवा अधिक नेमके सांगायचे तर बेपत्तोत्तर, कायद्याची सन्माननीय पदवी दिली, आणि राज्याने वकिलीची सनदही. हे योग्यच झाले, पण वाचताना मनात एक अस्वस्थता राहते. ज्याला जिवंतपणी वर्गात बसू दिले नाही, त्याचे चित्र भिंतीवर लावणे सोपे असते. नाव देणारी संस्था जेव्हा अन्याय करणारीच असते, तेव्हा त्या नावाच्या शिष्यवृत्तीला निव्वळ गौरव म्हणता येत नाही. ती थकलेल्या देण्याची एक छोटी परतफेड असते. तसे पाहिले म्हणजे तिच्याकडे बघण्याची दृष्टीही बदलते. परतफेडीत किती दिले हा प्रश्न विचारता येतो. गौरवात तो विचारणे असभ्य ठरते.

या परंपरेतील सर्वांत मोठे आणि विचारपूर्वक आखलेले काम मात्र अलीकडचे आहे. जानेवारी २०२१ मध्ये, किंग यांच्या जयंतीच्या सुट्टीच्या दिवशी, लीगल डिफेन्स फंडने मार्शल-मॉटली शिष्यवृत्ती जाहीर केली. त्यासाठी ४ कोटी डॉलर एका दात्याकडून आले, आणि त्या दात्याने आपले नाव प्रसिद्ध होऊ दिले नाही. आपण याला गुप्तदान म्हणतो. शिष्यवृत्तीवर नाव आहे ते मार्शल यांचे आणि मॉटली यांचे. आपल्याकडे शिष्यवृत्तीच्या प्रमाणपत्रावर पुष्कळदा देणाऱ्याचे नाव ठळक, ज्याच्या स्मरणार्थ ती आहे त्याचे त्याहून बारीक, आणि विद्यार्थ्याचे नाव हाताने लिहिलेले असते. हे सहज आठवले म्हणून लिहिले. कुणाला उद्देशून नाही.

योजना अशी आहे. पाच वर्षे, दरवर्षी दहा, असे एकूण पन्नास विद्यार्थी निवडायचे. त्यांचा विधी महाविद्यालयाचा संपूर्ण खर्च, म्हणजे शुल्क, निवास, भोजन, सारे उचलायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत नागरी हक्कांचे काम करणाऱ्या संस्थांतून अनुभव द्यायचा. पदवीनंतर अशाच एखाद्या संस्थेत दोन वर्षे सवेतन काम करण्याची व्यवस्था करायची. आणि याच्या बदल्यात विद्यार्थ्याने एक वचन द्यायचे : आठ वर्षे दक्षिणेत राहून वांशिक न्यायासाठी वकिली करायची.

आठ वर्षे ही अट ऐकताच काहींच्या कपाळाला आठी पडेल. ब्लेकस्ली यांनी मॉटली यांना कोणतीही अट घातली नव्हती, मग मॉटली यांच्याच नावाने अट का? हा आक्षेप सहज झटकून टाकण्यासारखा नाही. परंतु अमेरिकेतील कायद्याच्या शिक्षणाचे अर्थकारण पाहिले की अटीमागचा विचार कळतो. तेथे विधी महाविद्यालयाचे शुल्क प्रचंड. बहुतेक विद्यार्थी मोठे कर्ज काढून शिकतात. पदवी हाती आली की कर्जाचे हप्ते सुरू. मनात कितीही सेवाभाव असला, तरी हप्ते फेडायचे तर मोठ्या शहरातील मोठ्या पगाराची नोकरी धरावी लागते. मिसिसिपीच्या एखाद्या लहान गावात, मतदार यादीतून नाव कापले गेलेल्या वृद्धेचा किंवा शाळेतून विनाकारण काढलेल्या मुलाचा खटला चालवून ते कर्ज फिटत नाही. कर्ज काढून घेतलेले शिक्षण हेही एक प्रकारे माणसाला गावाबाहेर पाठवणारे भाडेच ठरते. ते कर्जच मुळात होऊ दिले नाही, तर आठ वर्षांचे वचन हे ओझे राहत नाही. ज्याला तेच काम करायचे आहे, त्याची वाट त्यामुळे मोकळी होते. अशा विद्यार्थ्यांनीच अर्ज करावा, ही अपेक्षाही त्यात आहे.

मात्र नुसत्या वचनाने भागत नाही, हे मराठी वाचकाला कुणी सांगायला नको. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. हे तेच विद्यापीठ, जेथून तेहतीस वर्षांनी मॉटली कायद्याच्या पदवीधर झाल्या. शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि करार असा की, शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. सयाजीराव महाराजांच्या हेतूत खोट नव्हती. बाबासाहेब वचनाप्रमाणे १९१७ साली बडोद्यात दाखलही झाले. पण कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागद लांबून टाकीत, आणि गावात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात कसाबसा आसरा मिळाला होता, तेथूनही जमावाने बाहेर काढले. काही दिवसांतच त्यांना बडोदे सोडावे लागले. शिष्यवृत्तीने विद्वान घडवला, करारानेही त्याला परत आणले. पण जेथे परत आणले तेथे त्याला टिकू देणारे कुणी उभे नव्हते.

मार्शल-मॉटली योजनेत पदवीनंतरच्या दोन वर्षांची जी तजवीज आहे, तिचे महत्त्व या दृष्टीने पाहावे. नवा वकील एकटा दक्षिणेत जाऊन पडत नाही. त्याच्याआधी तेथे काम करीत असलेल्या संस्थेत तो जातो, अनुभवी वकिलांच्या हाताखाली राहतो, आपल्याच तुकडीतील इतरांशी जोडलेला असतो. मॉटली यांना न्यायालयातून परतताना मोटार चालवायला आणि मागच्या गाडीवर नजर ठेवायला एक मेडगर एव्हर्स लागत होता. तशी माणसे आधीपासून जागेवर असतील, याची काळजी येथे घेतलेली दिसते.

पहिली तुकडी २०२१ साली निवडली गेली. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, दोन वर्षांची उमेदवारी आणि आठ वर्षांचे वचन, असा हा लांबचा हिशेब आहे. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, दक्षिण कॅरोलायना : ज्या राज्यांत मॉटली बाहेर गेलेल्यांना परत आणण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत होत्या, त्याच भागात या पन्नास जणांनी येऊन राहायचे आहे, घर करायचे आहे, आणि तेथील न्यायालयांत उभे राहायचे आहे.